घरदार कंपनी आणि नियम चौदा

३ जानेवारी

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात की फोनवर तुम्हाला फक्त 'हॅलो' ऐकू येतं, आणि तेही तुमचं स्वतःचंच. म्हणून हा कागद.

बातमी अशी की मी शेठची नोकरी सोडली. नऊ वर्षं त्यांची भाड्याची घरं सांभाळली. भाडेकरू बघायचे, करार करायचे, गळके नळ, अडकलेल्या लिफ्ट, जिन्यातली भांडणं, सगळं माझ्याकडे. मागच्या महिन्यात शेठ म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरचे संगीतशिक्षक आठ दिवस बाहेर गेलेत. तेवढ्यात त्यांच्या दाराचं कुलूप बदलून टाक."

मी म्हटलं, "त्यांचा करार अजून वर्षभराचा आहे."

"म्हणूनच बदलायचं. करार संपला असता तर त्यांना नुसतं जा म्हटलं असतं."

मी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि ताठ मानेने जिना उतरले. खाली आल्यावर आठवलं की माझा डबा वरच राहिला, ते वेगळं.

आता मी स्वतःची कंपनी काढणार आहे. काम तेच, फक्त कुलपं न बदलता. आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंची बावीस घरांची इमारत आहे. एप्रिलअखेर त्या मुलीकडे परदेशी राहायला जातायत. म्हणाल्या, "तूच सांभाळ, पण परवाना दाखव, मगच किल्ल्या. नाहीतर दुसरे दोघे रांगेत आहेत."

तर काल मी परवाना कार्यालयात गेले. खिडकी क्रमांक तीनवरच्या गृहस्थांनी मान वर न करता अकरा कागदांची यादी हातात दिली. झेरॉक्सची झेरॉक्स. खाली कुणाची तरी सही आहे, पण ती आता चिरडलेल्या झुरळासारखी दिसते. मामा, त्याच कार्यालयात तुम्ही एकतीस वर्षं काढलीत. तुम्ही निवृत्त होऊन तिकडे राहायला गेलात म्हणून काय झालं, तुमचा एक शब्द गेला तर माझं काम चुटकीसरशी होईल.

तुमची,
भिंगरी

९ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

विषय: भाड्याची घरे सांभाळणाऱ्या कंपनीचा परवाना.
संदर्भ: तुझे पत्र, दिनांक ३, मिळाले दिनांक ७.

नोकरी सोडलीस ते योग्य केलेस. डबा आणायला परत वर गेली नाहीस तेही योग्य.

'एक शब्द' याबाबत खुलासा: एकतीस वर्षांत मी कुणासाठीही शब्द टाकलेला नाही. तुझ्या मामीच्या सख्ख्या भावाचा अर्ज मी स्वतः परत पाठवला होता, कारण फोटोत त्याचे दोन्ही कान दिसत नव्हते. तो आजही माझ्याशी बोलत नाही. ओळख हा कागद यादीत नाही.

आता काम. आधी कंपनी नोंदव. मग कंपनीला एक 'जबाबदार व्यक्ती' लागते, म्हणजे चूक झाली तर जिला धरायचे अशी. तिने लेखी परीक्षा द्यायची. ती तू. कार्यालयाची जागा हवी, जिचे दार रस्त्यावर उघडते आणि बाहेर पाटी आहे. भाडेकरूला तक्रार घेऊन कुणाच्या स्वयंपाकघरात शिरावे लागू नये. पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला. भाडेकरूंच्या अनामत रकमेसाठी बँकेत वेगळे खाते. आणि सर्वांत महत्त्वाचा, नियम चौदाखालचा अनुभवाचा दाखला. सर्व कागद दोन प्रतींत. टाचणी नको, दोरा.

ताईला सांगितलेस का? नसशील तर ते आधी कर. ते यादीत नाही, पण माझी थोरली बहीण मला ठाऊक आहे.

तुझा मामा

२२ जानेवारी

ती. मामा,

आईला सांगितलं. तिने आधी तासभर तांदूळ निवडले. मग म्हणाली, "शिक्क्याला विचारलंस का?" घरात तुमचं हे नाव अजून चालू आहे, राग मानू नका. हो म्हटल्यावर निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

कंपनी नोंदली. 'निश्चिंत' हे नाव मागितलं होतं, पण त्या नावाची एक गाद्यांची कंपनी आधीच झोपून आहे. 'घरदार' मिळालं. ऑफिसला आमच्या कोपऱ्यावरचं शिंप्याचं जुनं दुकान घेतलं. आत दोन माणसं बसली की तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यायचा, पण दार रस्त्यावर उघडतं. तपासनीस आले. त्यांनी आतलं काहीच बघितलं नाही, फक्त पाटी मोजली. दोन बोटं कमी भरली. मी म्हटलं, "साहेब, कुणाच्या बोटांनी?" त्यावर त्यांनी शेऱ्यात 'अर्जदार उद्धट' असं लिहिलं. पाटी नवीन केली, आता ती दुकानापेक्षा मोठी वाटते.

चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलीस खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे चौकशीला गेले. काकू म्हणाल्या, "मुलगी सोन्यासारखी आहे, पण सतरंजी आमच्या खिडकीवर झटकते." हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. दाखला मिळाला, त्यात सतरंजीचा उल्लेख आहे.

पण खरं घोडं अडलंय ते नियम चौदापाशी. आधीच्या मालकाने सही करून द्यायचं की या व्यक्तीने माझ्याकडे तीन वर्षं हे काम केलं. मालकच. दुसरं कुणी नाही. नातेवाईक तर नाहीच नाही. मामा, मी ज्याच्या टेबलावर किल्ल्या आपटून आले तोच माणूस मला दाखला देणार? ज्याची नोकरी वाईट म्हणून सोडायची, त्याच्याच सहीशिवाय दुसरं काही करता येत नाही, हा कुठला न्याय? हा नियम ज्या गाढवाने लिहिला, त्याने आयुष्यात कधी नोकरी सोडलेली नसणार.

भिंगरी

२७ जानेवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

विषय: 'गाढव' या शब्दाचा वापर.

अधिकृत पत्रव्यवहारात असे शब्द येऊ नयेत. खाजगीत येऊ नयेत असेही माझे मत आहे.

नियम चौदा का आला ते ऐक. पूर्वी दाखला कुणाचाही चाले. एका चोवीस वर्षांच्या पोराने दहा वर्षांचा अनुभव दाखवून परवाना काढला. दाखला मेव्हण्याचा. म्हणजे हा चौदाव्या वर्षापासून इमारती सांभाळत होता आणि शाळेत बहुधा करमणुकीला जात होता. सहा महिन्यांत तो अनामत रकमा घेऊन पसार झाला. एके सकाळी आमच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात सोळा कुटुंबे गाद्या-वळकट्यांसह येऊन बसली. एक बाई कडेवरचे मूल माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "परवान्यावर शिक्का तुमचा आहे, आता याला झोपवा कुठे ते सांगा." त्यानंतर नियम चौदा झाला. ज्याने तो लिहिला त्याने तीन आठवडे बसून एकेक शब्द तोलून लिहिला. त्या माणसाला झोप लागत नव्हती.

त्यामुळे शेठकडे जा. नम्रपणे, लेखी माग. माणसे कागदाला नाही म्हणायला कचरतात.

मामा

९ फेब्रुवारी

ती. मामा,

शेठ कागदाला अजिबात कचरले नाहीत. अर्ज वाचला, घडी घातली, आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल स्थिर झालं. मग म्हणाले, "बघ, तुझा अजून उपयोग आहे. परत ये. वर्षभर काम कर, मग हवा तसला दाखला देतो. तीन काय, तीस वर्षांचा देतो."

"मला नऊ वर्षांचाच हवाय. मी नऊच केलीत."

"मग परत ये."

मी उठले. दारात संगीतशिक्षक भेटले. कुलूप बदललं जाण्याआधी मीच त्यांना कळवलं होतं, ते धावत परत आले होते. आता घराबाहेर पडताना दाराला स्वतःची दोन कुलपं जास्तीची लावतात म्हणाले.

तिथून तशीच परवाना कार्यालयात गेले, खिडकी तीनवर. म्हटलं, या नियमातून काही वाट? त्या गृहस्थांनी पहिल्यांदाच मान वर केली. चेहरा चांगला आहे हो त्यांचा. म्हणाले, "ताई, नियम चौदामध्ये वाट नाही. तो आमच्या जुन्या साहेबांनी लिहिलाय. त्यांच्या घराला तरी खिडक्या असतील की नाही, अशी आम्हाला शंका होती." मी विचारलं, कोण साहेब? तर त्यांनी यादीखालच्या झुरळावर बोट ठेवलं आणि तुमचं नाव घेतलं.

मामा, ते गाढव तुम्ही आहात?

भिंगरी

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

विषय: वरीलप्रमाणे.

होय.

मामा

१ मार्च

ती. मामा,

तुमचं एका शब्दाचं पत्र आईने तीनदा वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाली, "लहानपणी कप फुटला की असाच 'होय' म्हणायचा आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा. आम्ही शिक्षा द्यायच्या आत." तुम्ही आता कोपऱ्यात उभे असाल तर या बरं बाहेर. गाढव म्हटल्याबद्दल माफ करा. व्हरांड्यातल्या सोळा कुटुंबांची गोष्ट मी विसरले नाहीये.

परीक्षा झाली. एकशे चाळीस पानांचं पुस्तक दीड महिना उशाशी होतं. आईला आता माझ्यापेक्षा जास्त येतं; परवा दूधवाल्याला तिने करार संपण्याआधी किती दिवसांची सूचना द्यावी लागते ते सांगितलं. निकाल त्याच दिवशी लागतो. मला शंभरात एक्क्याऐंशी.

पण त्याचं आता काय करू? दाखला नाही तर अर्ज नाही. डॉक्टरबाईंनी काल हळूच विचारलं, "होईल ना गं वेळेत?" दुसऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन इमारत बघून गेला म्हणे. दुकानाचं भाडं चालू झालंय आणि तिथे मी आणि पाटी अशा दोघीच असतो. आई म्हणते, वर्षभराचाच प्रश्न आहे, जा शेठकडे. मी सात तारखेला जाऊन हो म्हणणार आहे. एका वर्षात किती कुलपं बदलावी लागतील कोण जाणे. तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं, एवढंच.

भिंगरी

४ मार्च, कुरियरने

भिंगरे,

जाऊ नकोस. हे पत्र तू तिथे जाण्याआधी पोचावे म्हणून कुरियरवाल्याला मी चक्क विनंती केली आहे. अर्ज न करता.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. मी पण परीक्षा दिली. त्याच दिवशी, इथल्या केंद्रावर. माझा हिशेब असा की जबाबदार व्यक्ती मी झालो तर दाखल्याचा प्रश्न मिटतो. सरकारी अनुभव सरळ धरतात. परीक्षेला न्यायचे तरी काय, चष्मा आणि पेन. पुस्तक उघडलेही नाही. ज्याने पुस्तकातले अर्धे नियम लिहिले त्याने पुस्तक काय वाचायचे?

नापास झालो. पन्नास लागतात, मला अडतीस मिळाले. माझ्या बाजूला बसलेली मुलगी माझ्या पेपरात डोकावून बघत होती. तिलाही चाळीसच मिळाले, त्याचे मला वाईट वाटते.

सर्वांत झोंबले ते असे की प्रश्न सत्तावीस नियम चौदावर होता आणि माझे उत्तर चूक धरले. माझ्याच नियमावर! मी तडक इथल्या कार्यालयात हरकत घ्यायला गेलो. दोन तास रांगेत उभा होतो. रांगेत उभे राहिल्यावर पाय कुठे दुखतात हे मला माहीत नव्हते. पोटऱ्यांत दुखतात. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, हरकत दोन प्रतींत आणा." आणली. मग तिने शांतपणे एक छापील कागद पुढे केला.

मी निवृत्त झाल्यावर आठ महिन्यांनी नियम चौदा बदलला आहे. तुझ्या पुस्तकात तो अजून जुनाच छापलेला आहे, नवा फक्त या कागदावर. आधीच्या मालकाचा दाखला, किंवा तू ज्यांची घरे प्रत्यक्ष सांभाळलीस अशा पाच भाडेकरूंची सही केलेली पत्रे. 'नातेवाईक वगळून' हे माझे दोन शब्द त्यांनी तसेच ठेवले आहेत. बाकी सगळे बदलले, आणि खरे सांगायचे तर आधीपेक्षा बरे झाले आहे. भाडेकरूला विचारायचे मला सुचलेच नव्हते.

खिडकी तीनवर अजून माझीच जुनी यादी वाटतात, कारण ती रद्द करा असे कुणी लेखी दिलेले नाही. ते मी आज दिले. माझीच यादी रद्द करण्याचा अर्ज, माझ्याच सहीने. पोच घेतली आहे.

शेठकडे जाऊ नकोस. पाच भाडेकरू शोध.

मामा

ता.क. तू मला म्हणालीस तो शब्द मागे घेण्याची गरज नाही.

२५ मार्च

मामा, मामा, मामा!

कुरियरवाला आला तेव्हा मी चपला घालून दारात उभी होते. वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. आईला वाटलं कुणी गेलं, म्हणून तिने आत रडायला सुरुवात केली. तिला 'मामा नापास झाले' म्हटल्यावर ती इतकी हसली की शेजारच्या काकू बघायला आल्या.

पाच पत्रं मिळवताना मात्र नाकी नऊ आले. लोक तोंडाने पाहिजे तेवढं कौतुक करतात, पेन दिलं की त्यांना सगळं विसरायला होतं. संगीतशिक्षकांनी लगेच लिहून दिलं, अक्षर मोत्यासारखं. दोघी नर्सबहिणींनी एकच पत्र दोघींच्या सहीने दिलं, ते एक धरायचं की दोन यावर खिडकी तीनवर अर्धा तास चर्चा झाली. एक धरलं. बेकरीवाल्यांनी तीन पानं लिहिली, त्यातली अडीच पाणी तापवायच्या बंबाबद्दल. बंबाचा स्वभाव त्यांनी फार छान उतरवलाय. निवृत्त पोस्टमनांनी असं लिहिलं की वाचून एखाद्याने मला लग्नाची मागणी घालावी.

राहिलं पाचवं. उरल्या होत्या त्या चौथ्या मजल्यावरच्या बाई. त्यांच्याशी मी दोन वर्षं गच्चीतल्या वाळवणाच्या दोरीवरून भांडलेय. एकदा त्यांनी माझ्यावर चिमट्यांची टोपली पालथी केली होती. दार वाजवताना मनात म्हटलं, आता हात दाखवून अवलक्षण.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "काय लिहू?"

"खरं तेच लिहा."

त्यांनी तिथेच दारात, भिंतीवर कागद टेकवून लिहिलं: 'ही बाई नियमाला धरून भांडते. माझी दोरी तिने काढायला लावली, पण स्वतः येऊन दुसरीकडे बांधून दिली. ती गेल्यापासून इथे भांडायला कुणी येत नाही आणि जिन्यातले दिवेही बंद आहेत.'

मामा, तो कागद मी दुमडला नाही. सरळ फाइलमध्ये घातला, दोऱ्याने ओवला. खिडकी तीनवरच्या गृहस्थांनी सगळे कागद वाचले, आणि त्या बाईंचं पत्र आत नेऊन आणखी दोघांना दाखवलं. आता वाट बघायची. नवीन यादी लागलीय तिथे, सातच कागद. छापील, स्वच्छ.

भिंगरी

२१ एप्रिल

ती. मामा,

परवाना आला. पोस्टाने, साध्या पाकिटात, वीजबिलाच्या खाली. मी आधी वीजबिलच उघडलं.

डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी परवाना दोन्ही बाजूंनी बघितला, मागे कोरा होता तोही बघितला. मग बावीस किल्ल्या आणि एक पाण्याच्या टाकीची किल्ली माझ्या ओंजळीत ठेवली. म्हणाल्या, "दुसऱ्या कंपनीकडे परवाना होता. पण त्याला विचारलं दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं, तर म्हणाला, भाडेकरू."

आता तुमच्याकडे एक काम आहे. मे महिन्यात मला चार दिवस बाहेरगावी जायचंय, तिथल्या दोन घरमालकांना आपली कंपनी हवीय. तेवढे दिवस ऑफिसात कुणीतरी बसायला हवं. तुम्ही परीक्षा नापास आहात, त्यामुळे जबाबदार व्यक्ती होऊ शकत नाही, हे नियमाला धरून आहे. पण तक्रारी लिहून घेऊ शकता. याल? आई तुमची खोली झाडतेय, म्हणजे तुम्ही येणारच असं तिने ठरवलंय.

भिंगरी

१७ मे, कुरियरने

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तू निघून दोनच दिवस झालेत, पण कालचा अहवाल तू येईपर्यंत थांबवणे योग्य नाही.

सकाळी दहाला ऑफिस उघडले. तक्रारवहीत तारीख घातली, समास आखला. सव्वाअकराला डॉक्टरबाईंच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आल्या. हातात चपला, पाय ओले. म्हणाल्या, "घरात पाणी भरलंय."

मी म्हटलं, "तक्रार लेखी द्या."

"देते की. पण लिहायला टेबल लागतं. माझं तरंगतंय."

मी वही मिटली. मग काय झालं ते क्रमवार सांगता येणार नाही. आम्ही दोघे चपला हातात घेऊन रस्त्याने चाललो, एवढं आठवतं. न्हाणीघरात कपडे धुण्याच्या मशीनची नळी निघाली होती. पाणी बंद करायचा कॉक कुठे असतो ते मला ठाऊक नव्हतं. आजींनाही नव्हतं, तो त्यांचे यजमान बघायचे, आणि ते तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटी ओट्याखाली सापडला. तोवर मी नखशिखांत भिजलो होतो. प्लंबरला त्यांनीच फोन लावला, मी फक्त मोठ्याने 'हॅलो' म्हणालो. तो येईपर्यंत आम्ही बादल्या भरत होतो. एकोणीस भरल्या.

मग त्यांनी यजमानांचा एक सदरा काढून दिला. खांद्यात तंग आहे. चहा ठेवला आणि विचारलं, "तुम्ही आधी काय करत होता?"

"घरं सांभाळणाऱ्यांना परवाने देत होतो. एकतीस वर्षं."

"अगबाई. मग किती घरं बघितली असतील तुम्ही!"

मी हिशेब केला. अर्ज बघितले होते, नकाशे बघितले होते, फोटो, दाखले, शिक्के.

"हे पहिलंच," मी म्हणालो.

चहात त्यांनी विचारल्याशिवाय आणखी एक चमचा साखर घातली.

प्लंबरने नवीन नळी बसवली आहे. तू मंगळवारी ये, घाई करू नकोस. दुपारी मला पाचव्या मजल्यावर जायचं आहे, तिथलं दार नीट लागत नाही म्हणतात.

तुझा मामा